मंडईच्या दिवशीचा ठराव

बोडीटोल्याची मंडई, म्हणजे गावची जत्रा, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी भरते. हलका, लवकर पिकणारा धान कापून झालेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो, आणि मधल्या चार-आठ दिवसांत ज्याच्या-त्याच्या घरी पाहुणे उतरतात. त्या वर्षी बांत्यांच्या घरी पाहुणी एकच येणार होती, आणि तिला मुद्दाम बोलावलं होतं.

रुपा सकाळपासून बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या वड्यांचं वाटण घेऊन बसली होती. पाहुणीला का बोलावलं, हे तिला ठाऊक होतं. आठ दिवसांपूर्वी सासूने, मंदाबाईंनी, तिला कोठीमागे नेऊन सांगितलं होतं की दामिनीला दिवस गेलेत. दामिनी ही तिची धाकटी जाऊ, मनिषची बायको, तीन वर्षांपासून गावची सरपंच. तिला दोन मुली होत्या. तिसरं मूल झालं की सरपंचपद जातं, हा कायदा बोडीटोल्यात कुणाला समजावून सांगावा लागत नसे; मागच्या पंचवार्षिकात त्यानेच एका सदस्याला घरी बसवलं होतं.

“तिसरं तिचं नसनच,” मंदाबाई म्हणाल्या होत्या. “तुहं असन. दाखल्यावर आई म्हनून तुहं नाव लागन. पोट तिचं, ओटी तुही.”

रुपाच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. त्या दुपारी तिने ट्रंकेतून आपली एक जुनी, धुऊन मऊ झालेली साडी काढली, तिची चार दुपटी फाडली आणि परत ट्रंकेत ठेवून दिली. पुढचा बेत तिच्या नवऱ्याचा, कैलाशचा होता. सहाव्या महिन्यापासून दामिनीने रुपाच्या माहेरी, दिघोरीला राहायचं. गावात सांगायचं की तिला कमरेचं दुखणं आहे, आणि रुपा बाळंतपणाला माहेरी गेली आहे. पंचायतीचा कारभार तोवर उपसरपंच बघेल. उपसरपंच कैलाशच होता.

या सगळ्यात दामिनी काय म्हणते, हे रुपाने कुणाला विचारलं नव्हतं. तिला ते विचारायची भीती वाटत होती.

साडेदहाच्या गाडीने शुभांगी आली. बपेऱ्याहून तुमसर, तुमसरहून करडीच्या रस्त्याने फाट्यापर्यंत आणि फाट्यावरून पायी. एकेचाळीस वर्षांची, अंगणवाडीत सेविका, खांद्याला कापडी पिशवी. कागदोपत्री ती सासऱ्यांच्या, म्हणजे जागेश्वर बांत्यांच्या बहिणीची, रुखमिणीची मुलगी. प्रत्यक्षात ती मंदाबाईंच्या पोटची. कैलाशच्या पाठची आणि मनिषच्या आधीची. पाच दिवसांची असताना तिला निपुत्रिक आत्याच्या ओटीत घातलं होतं. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि घरात हे कुणी मोठ्याने बोलत नसे.

“मामी, पाया पडते,” ती मंदाबाईंपुढे वाकली.

“उन्हाची आली व बाई. बस, पानी घे,” मंदाबाई म्हणाल्या, आणि लगेच आत गेल्या.

शुभांगी चुलीपाशी येऊन बसली. “वहिनी, दादाचे तीन फोन आले. मंडईले ये, मंडईले ये. इतक्या सालात असं कधी बोलावलं नाही. काय हाय?”

“दुपारी सांगतीन ते.”

“तुले माहीत हाय.”

रुपाने हात धुतले. “तुले काय इचारतीन ते मले माहीत हाय,” ती म्हणाली. “तू चांगलंच सांगजो, शुभांगी. तुह्या पाया पडते.”

*

दामिनीने अकरा वाजता गुजरीच्या चौकात नारळ फोडला, दंडारीचा, लोकनाट्याचा खेळ करणाऱ्या मंडळाला पंचायतीतर्फे शाल-श्रीफळ दिलं आणि जमलेल्या बायकांशी दोन शब्द बोलली. एक वाजता ती घरी आली तेव्हा माजघरात सगळे बसलेले होते. तिच्या मुली शेजारच्या पोरींबरोबर पाळण्यात बसायला गेल्या होत्या. बाहेर ढोलकी वाजत होती.

तिला आश्चर्य वाटलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी तिने मनिषला सांगितलं होतं, आणि मनिषने दुसऱ्याच दिवशी आईला. त्यानंतर घरातलं बोलणं ती आत आली की थांबायचं.

कैलाशने सुरुवात केली. तो घरात दामिनीशी थेट बोलत नसे. भासऱ्याने धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही, ही रीत बांत्यांच्या घरात अजून टिकून होती. पंचायतीच्या सभेत तो तिला “सरपंच मॅडम” म्हणायचा. घराचा उंबरा ओलांडला की मनिषकडे बघून बोलायचा.

“मनिष, तिले सांग,” तो म्हणाला, “कोनी जबरदस्ती करून नाही राहिलं. पन सगळ्यायचं भलं याच्यातच हाय. तिची खुर्ची राहते. रुपाले लेकरू भेटते. घरातलं घरातच राहते. आशा वर्करले, कुंताबाईले, मी समजावतो. ते नोंद करनार नाही.”

मनिषने दामिनीकडे बघितलं. तो महावितरणात लाइनमन होता. खांबावर चढताना त्याला भीती वाटत नसे, पण घरातल्या बैठकीत आपले हात कुठे ठेवावेत हे त्याला सुचत नसे. “आयकलं ना?” तो म्हणाला.

“आयकलं.” दामिनीने डोक्यावरचा पदर सारखा केला. “भाऊजी, आता मी तुमच्याशीच बोलते. मी परवा तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन आली. नववा आठवडा हाय. सोमवारी बोलावलं हाय. मी हे ठेवून नाही राहिली.”

ढोलकीचा आवाज मध्येच थांबला आणि लोक हसले. दंडारीतला सोंगाड्या काहीतरी बोलला असावा.

“मले न सांगता?” मनिष म्हणाला.

“तुमाले पयले सांगतलं. मले नाही पायजे म्हनून त्याच दिवशी सांगतलं. तुमी म्हनले पाहू. अन जाऊन आईले सांगतलं.”

“मले वाटलं, पोरगा असन तं—”

“दोन डाव हेच वाटलं तुमाले.”

कैलाशने बैठक बदलली. तो अजूनही भावाकडेच बघत होता. “नवऱ्याच्या सहीबिगर कोनता डॉक्टर हात लावते? मनिष सही देनार नाही. देशीन का, मनिष?”

मनिषने उत्तर द्यायच्या आत दामिनी बोलली. “त्यायची सही लागत नाही. अठरा वर्षांवरच्या बाईची तिची एकटीचीच लागते. कायदा तसाच हाय. मी वाचला, अन दवाखान्यात इचारलंबी.”

“कायदा शिकवते आता,” कैलाश छताकडे बघून म्हणाला.

“शिकवनारच,” जागेश्वर दाराजवळून म्हणाले. ते भिंतीला टेकून बसले होते, आणि ते कुणाच्या बाजूने बोलले हे कुणाला कळलं नाही.

मंदाबाई आतापर्यंत बोलल्या नव्हत्या. दामिनीला जी भीती होती ती त्यांचीच. गावातलं देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून मतदान झालं तेव्हा घरोघरी फिरून बायकांना आडव्या बाटलीवर शिक्का मारायला याच मंदाबाईंनी बाहेर काढलं होतं. दुकान बंद झालं. दुकानदाराच्या माणसांनी त्यांच्या तणसाच्या ढिगाला आग लावली, तरी त्या मागे हटल्या नाहीत. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा “माही सून उभी राहीन” हेही त्याच म्हणाल्या होत्या. मनिषला ते नको होतं. कैलाशला वाटलं होतं रुपा उभी राहील. मंदाबाईंनी दामिनीला निवडलं, कारण ती बारावी झाली होती आणि उलट बोलायची.

“दामिनी,” त्या म्हणाल्या, “तुह्यासाठी मी पायाची चाळन केली. होय का नाही?”

“होय, आई.”

“मंग मी तुह्या वाइटाचं सांगीन का? पाडून टाकाच्यापरीस जावेच्या ओटीत टाकनं वाईट हाय का?”

“वाईट नाही म्हनत मी.”

“मंग?”

दामिनी बोलणार तेवढ्यात कैलाश रीत विसरला. तो तिच्याकडे वळून, सरळ तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला, “तुले नको हाय. तिले पायजे हाय. याच्यात अडचन काय हाय, हेच मले समजून नाही राहिलं. एवढं तरी सांग.”

त्याच्या आवाजात या वेळी डाव नव्हता. दामिनीला ते जाणवलं, आणि म्हणूनच उत्तर देणं जास्त अवघड झालं.

“नऊ मयने वाहाचं मले हाय, भाऊजी. दोन डाव वाहलं. दुसऱ्या डावाले कसं झालं होतं ते तुमाले ठाऊक हाय, तुमीच गाडी करून नेलं होतं. मंग ते याच घरात वाढन. मले काकू म्हनन. मी त्याले रोज ताट वाढीन, अन रोज गप्प राहीन. अन वरून दाखला खोटा. गावच्या बायाले मी सांगत फिरते, नोंद खरी करा, नोंद खरी करा. अन माह्याच पोटाची नोंद खोटी.” ती थांबली. “पन हे सगळं नसतं तरी मले नकोच होतं. मले आणखी लेकरू नाही पायजे. एवढंच कारन हाय. याच्यापरीस मोठं कारन माह्यापाशी नाही.”

मग कैलाशने ज्या गोष्टीसाठी तीन फोन केले होते ती काढली.

“शुभांगी इथं बसली हाय,” तो म्हणाला. “तिलेच इचारा. आपल्या घरात हे काय पयल्यानं होऊन राहिलं? सांग शुभांगी. तुले काय कमी पडलं?”

*

मंदाबाईंनी जमिनीकडे बघितलं. शुभांगीला बोलावण्याची कल्पना कैलाशची होती, पण त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, पोर येईल, बरं झालं म्हणेल, आणि एका कामात दोन कामं होतील. दुसरं काम कोणतं, हे त्यांनी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

“कमी?” शुभांगी म्हणाली. “कमी काहीच नाही पडलं, दादा. आईनं मले जीव लावला. शिकवलं, नोकरीले लावलं. ते खाटेवर पडली तं तिचं सगळं मी केलं, अन मी केलं म्हनून मले समाधान हाय.”

“आयकलं?” कैलाश म्हणाला.

“माहं बोलनं झालं नाही, दादा.” तिचा आवाज चढला नव्हता. “मी बारावीत होती तवा बपेऱ्यातल्या एका बाईनं मले सांगतलं, तू इथली नोहस. त्या उन्हाळ्यात मी इथं येऊन आठ दिस राहिली. तुले आठवत नसन. मामी रोज मले समोर बसवून वेणी घालून देत. मले वाटे, आज सांगन. आज नाही तं उद्या सांगन. आठव्या दिवशी मामानं मले गाडीवर बसवून देल्लं. तवापासून मी इथं आली का मोजून बसते, मोजून बोलते. इथं जास्त माया केली तं तिकडच्या आईशी बेइमानी. कमी केली तं इथं कोनाले लागन. आई मेली तरी ते मोजनं सुटलं नाही.”

रुपा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचं तोंड उतरलं होतं.

शुभांगी मंदाबाईंकडे वळली. “मले देल्लं त्याचा राग नाही, मामी. खरंच नाही. मले एकच इचाराचं हाय, अन हे मी कधीची इचाराची म्हनते. तुमाले तवा कोनी इचारलं होतं का?”

मंदाबाईंनी आयुष्यात बरीच भाषणं केली होती. तहसीलदारासमोर केली होती, पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांवर केली होती. या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं.

पाचवीचा दिवस होता. रुखमिणी येऊन बसली होती, तिचा नवरा दुसरी बायको करायला निघाला होता, आणि सासरे ओसरीवरून म्हणाले होते की एक पोरगा घरात आहेच, पोरगी बपेऱ्याला जाऊ द्या. मंदाबाईंना तेव्हा बाविसावं चालू होतं. बाळंतिणीच्या खोलीत येऊन नणंदेने पोरीला उचललं ते दूध पिऊन झाल्यावर. एवढी सवड तिने दिली होती, हे मंदाबाईंनी नंतर कधी विसरू दिलं नाही स्वतःला. रुखमिणी वाईट नव्हती.

“नाही इचारलं,” दाराजवळून जागेश्वर म्हणाले.

सगळ्यांनी तिकडे बघितलं.

“बानं मले सांगतलं. मी बैलबंडी जुपली,” ते म्हणाले. “हिले मी इचारलं नाही. तवाबी नाही, अन मंगबी नाही.”

ते उठले, भिंतीला हात लावून उभे राहिले, आणि परत खाली बसले; बाहेर जावं की नाही हे त्यांना ठरवता आलं नसावं.

“अकरा दिस दूध येत होतं,” मंदाबाई म्हणाल्या. त्या शुभांगीशी बोलत होत्या, पण बघत होत्या आपल्या हातांकडे. “छातीले लुगड्याची चिंधी आवळून बांधली होती. कैलाश तीन वर्षांचा. तो म्हने, आई, बाळ कुठं गेलं? मी म्हने, मामाच्या गावाले गेलं.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “रुखमिणीचं घर वाचलं. मी तेच धरून राहिली. चांगलं केलं, चांगलं केलं. चांगलंच होतं ते. पन मले इचारलं असतं तं मी काय म्हनली असती, हे मले अजून माहीत नाही.”

शुभांगीने मान हलवली, जणू एखाद्या नोंदीवर खूण करावी तशी.

*

“झालं सगळ्यायचं?” रुपा म्हणाली.

तिच्याकडे वळून कुणी बघितलं नव्हतं, म्हणून ती माजघराच्या मध्यावर आली. चौदा वर्षांत घरातल्या बैठकीत ती पहिल्यांदा बोलत होती.

“शुभांगीचं झालं. आईचं झालं. दामिनीचं झालं. माहं कोन इचारते? आठ दिसाआधी माह्या हातात देल्लं, आता काढून घेऊन राहिले. मी मागाले गेली होती का? तुमीच सांगतलं, आई, ओटी तुही भरन म्हनून. मी दुपटे फाडून ठेवले.”

“रुपा,” कैलाश म्हणाला.

“तुमी बोलू नका.” ती दामिनीसमोर बसली, इतकी जवळ की दोघींचे गुडघे लागले. “नऊ मयने, दामिनी. तुह्यासाठी नऊ मयने, माह्यासाठी सगळा जनम. तुले मी पानी भरू देनार नाही, चुलीपाशी बसू देनार नाही. तुह्या पोरीयले कोनी पाहिलं तू पंचायतीत असताना? मीच ना? मंग मी तुह्या पाया पडू का?”

तिने खरोखरच हात पुढे केले. दामिनीने ते वरच्या वर धरले.

“पडू नका, ताई,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तिने जागेवर ठेवला. “तुमी पाया पडल्या तरी मी नाहीच म्हनीन. अन मंग दोघीले एका घरात राहनं जड होईन. माह्या पोरी तुमच्याच हायेत, ते मी कधी इसरली नाही. तुमी म्हनान ते देईन. हे नाही देऊ शकत.”

रुपाने हात सोडवून घेतले. मग ती उठली, आत गेली, आणि कढई चढवल्याचा आवाज आला.

मंदाबाई म्हणाल्या, “सोमवारी जाऊ द्या तिले. कोनी आडवं जानार नाही.”

“आई, तूच म्हनली होती—”

“म्हनली होती, कैलाश. मी म्हनली होती, म्हनून मीच परत घेते.” त्या उठल्या. “दंडार सुटाले आली. मंडळाचे लोक जेवाले येतीन. पानं मांडा.”

मंडळाचे नऊ जण जेवले. वडे चांगले झाले होते, असं सगळे म्हणाले. रुपाने प्रत्येकाला दोनदा वाढलं. शुभांगी चारच्या गाडीने निघाली तेव्हा मंदाबाई तिला सोडायला फाट्यापर्यंत चालत गेल्या. त्या वाटेत काय बोलल्या हे घरात कुणाला कळलं नाही. मंदाबाई परत आल्या तेव्हा दिवस बुडाला होता, आणि गाडी तर केव्हाच गेलेली असणार होती.

*

सोमवारी मनिषने रजा टाकली. तसं त्याने दामिनीला सांगितलं नाही; सकाळी ती निघाली तेव्हा तो गाडी काढून उभा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भारी धानाची कापणी लागली होती.

दवाखान्यातल्या सिस्टरने फॉर्म भरून घेतला आणि मनिषकडे पेन धरलं. “मिस्टरांची सही.”

“लागत नाही,” दामिनी म्हणाली.

“आम्ही घेतो, ताई. उद्या काही झालं तर आमच्या गळ्याशी येतं.”

“मग मॅडमला विचारून या. मी बसते.”

सिस्टर आत गेली. मनिषच्या हातात पेन राहिलं होतं. मागितली तर सही करायची, असं तो घरून ठरवून निघाला होता. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. आपण मोठं मन केलं, असं त्याला वाटेभर वाटत होतं. सिस्टर परत आली, तिने त्याच्या हातातून पेन घेतलं आणि दामिनीला दिलं. “तुमचीच चालते,” ती म्हणाली. दामिनीने सही केली.

मनिष बाहेर बाकावर बसला. त्याला अपमान झाल्यासारखं वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं, आणि यातलं खरं कोणतं हे तो दुपारपर्यंत ठरवत होता. शेजारी एक म्हातारा नातवाला घेऊन बसला होता. “तुमचं कोन हाय आत?” त्याने विचारलं.

“बायको.”

“पयलंच का?”

“नाही,” मनिष म्हणाला. थोड्या वेळाने तो म्हणाला, “दोन पोरी हायेत. मोठी तिसरीत हाय. हुशार हाय.”

संध्याकाळच्या आत दामिनीला सोडलं. परतताना त्याने गाडी इतकी हळू चालवली की मागून येणारे ट्रॅक्टर त्यांना ओलांडून गेले.

*

रुपाने आठवड्याभरात चूल वेगळी केली. भांडण झालं नाही. एका सकाळी तिने आपली भांडी उचलून मागच्या खोलीत नेली, आणि कैलाशने तिथे गॅसची शेगडी आणून दिली. दामिनीच्या मुली मागच्या खोलीत जेवायला जात आणि रुपा त्यांना वाढत असे. दामिनीशी ती बोलली नाही. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. गावात बातमी पसरायची तशी पसरली. कुंताबाई कुणाला काही बोलली नव्हती, तरीही. पंचायतीच्या भिंतीवर कुणीतरी कोळशाने एक ओळ लिहिली. शिपायाने ती पुसली. दामिनी रोजच्यासारखी अकरा वाजता कार्यालयात जात राहिली.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिला सभा होते. पंचवीस तारखेला समाजमंदिरात साठ-पासष्ट बायका जमल्या. एरवी वीस आल्या तरी पुष्कळ. यातल्या बऱ्याच जणी सरपंचाला बघायला आल्या होत्या, हे दामिनीला कळत होतं. रुपा शेवटच्या रांगेत, खांबाजवळ बसली होती.

विषयपत्रिकेवरचा तिसरा विषय दामिनीने स्वतः लिहिला होता. तिने तो वाचून दाखवला. बाईच्या पोटाचा प्रश्न असेल, गर्भ ठेवायचा असो की नसो, तांबी बसवायची असो की काढायची असो, ऑपरेशन असो, तर सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. तिच्या सहीखेरीज दुसऱ्या कुणाची सही मागू नये, असा फलक उपकेंद्रात आणि पंचायतीत लावावा.

“सूचक कोण?” ग्रामसेवकाने वहीतून मान न उचलता विचारलं.

“मंदाबाई जागेश्वर बांते,” मंदाबाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या. त्यांनी पुढे भाषण केलं नाही.

“अनुमोदक?”

बायका एकमेकींकडे बघत नव्हत्या. बाहेर शाळेची पोरं उद्याच्या कवायतीसाठी पावलं आपटत होती. दामिनीने बचत गटाच्या अध्यक्षबाईकडे बघितलं. तिने बांगड्या मागे सारल्या आणि खाली बघितलं. ग्रामसेवकाने थोडा वेळ वाट पाहिली. “अनुमोदक नसेल तर विषय पुढच्या सभेत घेऊ,” तो म्हणाला.

“लिवा,” मागून आवाज आला.

रुपा उभी राहिली होती. तिने खांबाला हात लावला होता. “लिवाच्या आधी मले एक सांगाचं हाय,” ती म्हणाली. “मले लेकरू होत नाही हे तुमाले माहीत हाय. सहा साल नागपूरले नेलं. सुया टोचल्या, पोटात नळी टाकली, दोन डाव बेशुद्ध केलं. कागद आला का घरवाल्यायची सही होये. बाजूच्या खोलीत होये. काय लिवलं हाय ते मले कोनी वाचून नाही दाखवलं. तिसऱ्या खेपेले मले नोहतं जाचं. मी गाडीत बसली, काहून का ‘नाही’ म्हनता येते हेच मले माहीत नोहतं.”

एका बाईने पदर तोंडाला लावला. दुसरी कुणी काही पुटपुटली आणि थांबली.

“सरपंच चांगली हाय म्हनून मी उभी नाही राहिली,” रुपा म्हणाली. तिने दामिनीकडे बघितलं नाही. “तिनं केलं ते मले पटलं नाही. आजबी पटत नाही. पन हे बरोबर हाय. लिवा. अनुमोदक, रुपा कैलाश बांते.”

ग्रामसेवकाने लिहिलं आणि वही तिच्याकडे फिरवली. रुपा बायकांमधून वाट काढत पुढे आली, टेबलावर वाकून सही केली, पेन परत दिलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

“ठराव मंजूर,” ग्रामसेवक म्हणाला. “पुढचा विषय, सरपंच.”

दामिनीने कागद उचलला. पुढचा विषय बोडीतला, म्हणजे गावतळ्यातला, गाळ काढण्याचा होता. तिने वाचायला सुरुवात केली, दुसऱ्या ओळीवर तिचं लक्ष मागच्या खांबाकडे गेलं, आणि ती थांबली. साठ बायका वाट बघत होत्या. मग तिने विषय पुन्हा पहिल्यापासून वाचला.